काय ठेवावे, काय गाळावे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘व्हिडिओ निर्मिती व संकलन : एक सर्जनशील व्यवसाय’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण तरुणांसाठी व्यवसायविषयक व्याख्याने योजिलीत आणि वैद्यकी, लेखापरीक्षण, स्पर्धा परीक्षा यांच्या पंगतीत माझ्या व्यवसायाचेही पान मांडलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मला दिलेल्या विषयात ‘सर्जनशील’ आणि ‘व्यवसाय’ हे दोन शब्द शेजारीशेजारी बसले आहेत. पुढच्या रांगांतील मुलांना पहिला शब्द आवडला असेल; मागे बसलेल्या त्यांच्या आईवडिलांचे कान दुसऱ्या शब्दाकडे लागले असतील. दोघांशीही बोलायचे आहे. परंतु आरंभ पहिल्यापासून करतो, कारण हे काम नेमके काय आहे ते कळल्यावाचून त्यातून पोट कसे भरते हे सांगता येणार नाही.

आमच्या कामाला मराठीत ‘संकलन’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण थोडा फसवा आहे. संकलन म्हटले की गोळा करणे, जमवणे असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात संकलकाच्या दिवसाचा बराचसा भाग गाळण्यात जातो. आकड्यांतच सांगतो. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीच्या प्रमाणानुसार एका सेकंदात २५ चौकटी असतात. म्हणजे तासाभराच्या चित्रणात ९०,००० चौकटी. एखाद्या समारंभात दोन कॅमेऱ्यांनी चार-चार तास चित्रण केले, तर संकलकाच्या पुढ्यात ७ लाख २० हजार चौकटी येऊन पडतात. त्यांतून वीस मिनिटांची फिल्म करायची म्हणजे ३० हजार ठेवायच्या आणि उरलेल्या ६ लाख ९० हजार सोडून द्यायच्या. शिवाय ठेवलेल्या चौकटी कोणत्या क्रमाने, कोणत्या ठिकाणी तोडून, कोणत्या आवाजावर ठेवायच्या हे निराळेच.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने या कामाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले आहे. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटासाठी साडेबारा लाख फूट फिल्म चित्रित झाली होती. सलग पाहायची तर २३० तासांहून अधिक. अनेक संकलक त्यावर राबत होते. मर्च यांनी पुढे हिशेब मांडला, की पूर्ण झालेल्या चित्रपटातील एकूण कट आणि सर्वांचे मिळून कामाचे दिवस यांचे प्रमाण काढले तर एका संकलकाच्या वाट्याला दिवसाला १.४७ कट येतात. दिवसभरात दीड कटसुद्धा नाही! मग उरलेला वेळ ही मंडळी काय करत होती? पाहत होती, जोडून बघत होती, तोडून टाकत होती, पुन्हा पाहत होती. जो तरुण ‘मी एका रात्रीत फिल्म कापून देतो’ असे अभिमानाने सांगतो, त्याला मी हा आकडा अवश्य ऐकवतो.

आता थोडे कलेविषयी. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. एका नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार शॉट त्याने तीन ठिकाणी वापरला : एकदा सूपच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी आणि एकदा एका स्त्रीच्या दृश्याशेजारी. प्रेक्षकांनी नटाची वाहवा केली म्हणतात. भूक किती छान दाखवली, शोक किती संयमाने व्यक्त केला! चेहरा तर एकच होता. तो मूळ तुकडा आज उपलब्ध नाही, पण त्याने सांगितलेली गोष्ट आम्ही रोज अनुभवतो. अर्थ शॉटमध्ये जेवढा असतो तेवढाच तो त्याच्या शेजाऱ्यात असतो. यात संकलकाची ताकद आहे, आणि जबाबदारीही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

‘पण सर, सुरुवात कशी करायची? आमच्याकडे चांगला कॅमेरा नाही,’ हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. याचे उत्तर दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली देऊन ठेवले आहे. लंडनहून कॅमेरा आणला, पण चित्रपटात पैसा घालायला कोणी तयार होईना. चलच्चित्र ही काय वस्तू आहे हेच लोकांना समजत नव्हते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि सुमारे महिनाभर त्याची थोडी थोडी छायाचित्रे घेत राहिले. ती सलग दाखवताच पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बी रुजले, अंकुर वर आला, वेल चढू लागला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून भांडवल उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या फिल्मच्या कडांना रात्री जागून भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. हे नाव आपण पुरेसे घेत नाही.

आज तरुण ज्याला ‘शो-रील’ म्हणतात, ती आपल्याकडची पहिली शो-रील म्हणजे हा वाटाणा. त्यात नट नाही, सेट नाही, संगीत नाही. एक कल्पना आहे आणि महिनाभराची चिकाटी आहे. तुम्हीही असेच काही करा. गावातील कुंभाराचे एक मडके, आजीची एक पुरणपोळी, एसटी स्थानकावरची पहाटेची पहिली गाडी. तीन मिनिटांची फिल्म, निवेदनावाचून, पाहणाऱ्याला सर्व समजेल अशी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना तर कॅमेरा विकत घेणेच शक्य नव्हते. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी तो स्वतः घडवायला घेतला, आनंदराव मध्येच वारले, आणि बाबूरावांनी तो १९१८ च्या सुमारास पुरा केला. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याहून शतपटीने चांगला कॅमेरा आहे. संकलनासाठी ‘दा विंची रिझॉल्व्ह’सारखे, मोठ्या चित्रपटांचे काम ज्यावर होते असे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. उपकरणांची अडचण पुष्कळ कमी झाली आहे. मात्र ती सगळ्यांचीच कमी झाली आहे, हेही ध्यानात घ्या. केवळ कॅमेरा आहे म्हणून काम मिळण्याचे दिवस गेले.

माझी स्वतःची उमेदवारी लग्नांच्या चित्रणात झाली. आमच्या जिल्ह्यांत त्या काळी या कामाला संकलन कोणी म्हणत नसे, ‘मिक्सिंग’ म्हणत. मिक्सिंगवाल्याने गुलाबाच्या पाकळीत वधूचा चेहरा बसवायचा, बदामात वराचा, आणि दोघांना पडद्यावर गरगर फिरवायचे. आज आपण हसतो. मला मात्र लग्नांनी जे शिकवले ते पुढे कुठल्याच कामाने शिकवले नाही, म्हणून यावर थोडा अधिक रेंगाळतो.

लग्नात ‘पुन्हा एकदा’ नसते. अक्षता एकदाच पडतात. चित्रण करणाऱ्याला पुढचा क्षण आधी ओळखावा लागतो आणि संकलकाला चित्रण करणाऱ्याच्या चुका निभावून न्याव्या लागतात. अंतरपाट धरलेला आहे, मंगलाष्टके चालू आहेत, सगळ्यांचे डोळे वधूवरांकडे. कॅमेराही अर्थातच तिकडे. परंतु दुसऱ्या कॅमेऱ्याच्या एका कोपऱ्यात वधूचा मामा उभा आहे, आणि त्याच्या हातातील अक्षता बोटांतून नकळत गळत आहेत. चार तासांच्या चित्रणात हे चार सेकंद असतात. ते ज्याला दिसतात तो संकलक. दिसण्यासाठी सगळे चित्रण पाहावे लागते, पुढे पळवत नव्हे, त्याच्या गतीने; आणि काय कुठे आहे याची वहीत नोंद करावी लागते. कंटाळवाणे काम आहे. याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. नवखा माणूस चित्र आणि आवाज एकाच जागी तोडतो, त्यामुळे फिल्म फटाफट दारे लागावीत तशी वाटते. जरा निराळे करून पाहा. वधू आतल्या खोलीत आईसमोर बसली आहे. चित्र तिथेच ठेवा, पण बाहेरचे ‘शुभमंगल सावधान’ आधीच कानी येऊ द्या. आई क्षणभर दाराकडे पाहते. मग मांडवाचे चित्र आणा. पुढच्या दृश्याचा आवाज आधी आणि चित्र नंतर, एवढीच ही युक्ती. तिला इंग्रजी जे अक्षराच्या आकारावरून ‘जे-कट’ म्हणतात. पाहणाऱ्याला ती जाणवतही नाही, पण त्याच्या पोटात कालवते. आणि ज्या फिल्मचा आवाज खराब असतो ती चित्र कितीही देखणे असले तरी माणूस दोन मिनिटांत बंद करतो. पहिली कमाई हाती आली की नवी लेन्स घेण्याआधी चांगला माइक घ्या, असे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी मुले लेन्सच घेतात.

शिक्षण कोठे घ्यावे? प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला गेली. तिच्याच वास्तूत १९६० साली सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली, ती आजची एफटीआयआय. तेथे संकलनाचा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेतून निवड होते आणि जागा अगदी मोजक्या असतात. तेथूनच १९७६ साली बाहेर पडलेल्या रेणू सलुजा यांचे नाव येथे बसलेल्या मुलींनी विशेष लक्षात ठेवावे. ‘जाने भी दो यारों’, ‘परिंदा’, ‘बॅन्डिट क्वीन’ हे परस्परांशी काही संबंध नसलेले चित्रपट त्यांनी संकलित केले आणि संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. २००० साली त्या गेल्या. ‘परिंदा’ पाहताना संकलन कोठे दिसते ते शोधा. शोधताना कथेत गुंगून विसरून गेलात तर समजा की उत्तर मिळाले.

प्रवेश मिळाला नाही म्हणून काही अडत नाही. एखाद्या जाणत्या संकलकाकडे सहायक म्हणून दोन वर्षे काढा. सहायकाचे काम म्हणजे फाइलींना नावे देणे, चित्र आणि आवाज जुळवणे, प्रती करून ठेवणे. त्यात प्रतिष्ठा नाही. पण ज्येष्ठ माणूस एखादा शॉट टाइमलाइनवर ठेवतो, पाहतो आणि काढून टाकतो, तो का काढला हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. महागड्या खाजगी वर्गांविषयी पालकांना एकच विनंती : शुल्क भरण्यापूर्वी तेथील माजी विद्यार्थ्यांनी केलेल्या दोन फिल्म पाहायला मागा. इमारत पाहून ठरवू नका.

आता त्या जबाबदारीकडे येतो. काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या जलसंधारणाच्या कामावर माहितीपट संकलित करत होतो. दुष्काळी गाव, काम खरोखर चांगले झालेले. एक वृद्ध शेतकरी कॅमेऱ्यासमोर म्हणाला, “पाणी आलं बघा. पण वरच्या आळीला आलं, आमच्याकडं अजून न्हाई.” संस्थेच्या प्रतिनिधीने सुचवले की पहिले वाक्य ठेवावे आणि तिथेच कट करावा. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नव्हते. एक कळ दाबायची. लगेच पुढे भरलेल्या बंधाऱ्याचा शॉट ठेवला असता, तर कुलेशॉव्हच्या नटासारखे त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कृतकृत्य समाधान दिसले असते. प्रेक्षकांपैकी कोणालाही कधी कळले नसते. एका माणसाला मात्र कळले असते, आणि तो माहितीपट त्याच्याच गावच्या चावडीवर दाखवला जाणार होता.

मी दोन पर्याय दिले : दोन्ही वाक्ये ठेवू, नाहीतर तो माणूस संपूर्ण काढू. काढणे हा माझा धंदाच आहे. काय गाळावे याला मला हरकत नसते. पण ठेवलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेले घालायचे नाही. बरीच चर्चा झाली. शेवटी दोन्ही वाक्ये राहिली. माझा अखेरचा हप्ता पाच महिने रखडला, हेही सांगतो, म्हणजे तत्त्वाने वागले की सारे सुरळीत होते असा गैरसमज नको. पुढे त्याच माहितीपटामुळे दुसऱ्या दोन संस्थांनी मला बोलावले. त्यांना ‘पण’ ऐकू आला होता.

हप्ता रखडला यावरून मागच्या रांगांच्या प्रश्नाकडे वळतो. या व्यवसायात पोट भरते का? भरते. केवळ चित्रपट आणि मालिका म्हणजे हा व्यवसाय नव्हे. रुग्णालये, कारखाने, शिक्षणसंस्था, बियाणे कंपन्या, शिकवणी वर्ग, यूट्यूबवर शेती वा पाककृती सांगणारी मंडळी, या सर्वांना आज नियमितपणे फिल्म लागतात. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ही मागणी तालुक्यापर्यंत पोहोचली. पण आरंभीची दोन-तीन वर्षे उत्पन्न अनियमित असते, हे घरच्यांनी आधीच धरून चालावे. त्या काळात मुलगा रात्री दोनला संगणकापुढे बसलेला दिसला, तर तो वाया गेला असे समजू नये. काय करतोस ते दाखव म्हणावे.

मुलांनो, व्यवहार मात्र व्यापाऱ्याच्या शिस्तीने करा. काम सुरू करण्यापूर्वी एक तृतीयांश रक्कम, पहिली जुळणी दाखवताना एक तृतीयांश आणि अंतिम प्रत हाती देण्यापूर्वी उरलेली. किती वेळा दुरुस्ती करून देणार ते कागदावर लिहा, नाहीतर ‘जरा एवढेच बदला’ वर्षभर पुरते. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या फिल्मचा प्रथम हक्क, वेगळा करार नसेल तर, ती करवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून नमुना दाखवण्यापुरती ती वापरण्याची परवानगी करारातच मागून घ्या. आवडते सिनेगीत बिनधास्त घालू नका. इंटरनेटवर चढवताच हक्कधारकाचा दावा येतो आणि फिल्म मुकी होते किंवा उतरवली जाते. चित्रणाच्या तीन प्रती ठेवा, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यातली एक निराळ्या घरात. मध्यम प्रतीचे फोर-के चित्रण तासाला सुमारे ४५ जीबी जागा खाते, त्यामुळे हार्ड डिस्कचा खर्च दरपत्रकात धरायचा असतो. लग्न करून देणाऱ्याला ‘डिस्क बिघडली’ हे सांगण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

यंत्रबुद्धीविषयी विचारणार आहात, ठाऊक आहे. आता बोललेल्या मराठीचा मजकूर यंत्र काही मिनिटांत उतरवून देते, चुकांसह. अडखळणे, थांबणे आपोआप कापून देते. मी ही साधने वापरतो; माझे कितीतरी तास वाचतात. पण एका निवृत्त शिक्षिकेची मुलाखत मी यंत्राकडे सोपवली, तेव्हा तिने पतीविषयी बोलताना घेतलेला अकरा सेकंदांचा विराम त्याने रिकामी जागा समजून काढून टाकला. मुलाखतीत तिने जे सांगितले त्यातले सर्वांत मोठे तेच होते. मी तो परत आणला. केवळ विराम कापण्याची ज्याची कुवत आहे, त्याचे काम यंत्र घेणार यात मला शंका नाही. कोणता विराम ठेवावा हे ज्याला कळते, त्याला हे यंत्र एक बरा सहायक आहे.

शेवटी, आजच हाती घेता येईल असे एक काम. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही संस्थेच्या कपाटात जुन्या व्हीएचएस आणि छोट्या डीव्ही कॅसेट असतात : संमेलने, उद्घाटने, आता हयात नसलेल्यांची भाषणे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यांवर बुरशी धरते. शेवटची जपानी कंपनी २०१६ साली व्हीसीआर बनवायचे थांबली, त्यामुळे चालू यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. तीन तासांची कॅसेट संगणकावर उतरवायला तीन तासच लागतात. घाई करता येत नाही. उतरवताना शेजारी एका ज्येष्ठ व्यक्तीला बसवायचे, पडद्यावर कोण कोण आहे ते विचारायचे आणि त्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित करायचा. नावे सांगू शकणारी माणसे कॅसेटपेक्षा लवकर कमी होतात.

विश्वस्तांना माझी विनंती आहे, की अशा कॅसेट आपल्याकडे असतील तर त्या कपाटाची किल्ली येथील दोन मुलांच्या आणि दोन मुलींच्या हाती द्यावी. पाहणे, नोंदवणे, निवडणे, गाळणे, सगळे त्यांना त्यात शिकायला मिळेल. माझ्याकडचा एक जुना व्हीसीआर अजून चालतो. पुढच्या रविवारी मी तो पाठवून देतो. त्याचे डोके दर चार कॅसेटनंतर पुसावे लागते, ते कसे पुसायचे हे मी मुलांना आता, चहाच्या वेळी, दाखवीन.